दार-१ ते दार-४

दिनांक ११ मार्च २०२६, बुधवार. सकाळी नळाला पाणी उशिरा आले. मागच्या खोलीतल्या भिंतीचे दोन सांधे भुरभुरले होते, ते भरून घेतले. जेवण झाल्यावर वकिलांनी दिलेला नमुना समोर ठेवून लिहायला बसले. वकील म्हणाले होते, "बाई, आम्ही टाइप करून देतो की." मी नको म्हटले. एकतीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या आहेत, माझे अक्षर कोणालाही लागते.

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने लिहीत आहे. दृष्टी कमी झाली आहे, गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात एक अट होती. ते आजपासून रद्द समजावे.

१. बँकेतील ठेव आणि कपाटातील काचेची भांडी माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावीत. विज्ञानाच्या बाईंनी मला तिथे कामाला लावले तेव्हा मी दहावी नापास होते. त्यांनी रोज शाळा सुटल्यावर तासभर बसवून मला पास केले. माझ्याकडून पहिले चंचुपात्र फुटले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "काच गोळा कर आणि रंगाप्रमाणे वेगळी ठेव. टाकायचं काय त्यात?" ती सवय तिथून लागली.

२. आईचे शिलाई मशीन, बाबांचे पाने आणि पकडी भाचीला द्याव्यात. नको असल्यास भंगारात दिल्या तरी चालतील. आईची बटणे आणि बाबांचे वायसर यातले आता काही शिल्लक नाही. ते सगळे भिंतीत गेले.

३. मी राहते ते घर, जागेसह, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावे. ती दवाखान्यात एक्स-रे काढते.

हे घर अर्धे धाकट्याचेच होते. चौदा वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर मी त्याला म्हटले, "तू फरशीमिस्त्री आहेस, कुठेही चार भिंती उभ्या करशील. मला कोण आहे?" तो कामावरून तसाच कचेरीत आला, हात सिमेंटने पांढरे. हक्कसोडीचा कागद त्याने वाचलाही नाही. "ताई, कुठे करू सही?" एवढेच विचारले. मी बोट ठेवले तिथे केली.

त्यानंतर मला भीती बसली. त्याला पश्चात्ताप होईल, कोणी तरी त्याचे कान भरील, तो परत येईल. अकरा वर्षांपूर्वी तो खरेच आला. दाराबाहेर पोते टेकवल्याचा आवाज आला. म्हणाला, "ताई, दार उघड. मागच्या खोलीला फरशी घालून देतो. सिमेंट किती वर्षं उखडलंय ते. पैसे नकोत मला." मी आतून म्हटले, "आज फरशी घालशील आणि उद्या हक्क सांगशील." मला त्याचा खोकला ऐकू येत होता. मग म्हणाला, "बरं. पोतं ठेवतो. जड आहे, उचलू नकोस." मी कडी काढली नाही.

पोते मी पाण्याच्या टाकीमागे ढकलले. आठ वर्षे ते तिथे होते. तीन वर्षांपूर्वी धाकटा गेला. फरशीच्या धुळीने छाती भरली होती. छातीचा फोटो भाचीनेच काढला होता. मला कळवले ते त्याच्या जोडीदार मिस्त्रीने, सगळे उरकल्यावर.

४. मागच्या खोलीची भिंत. आठ फूट बाय पाच. ज्यांनी मला घडवले त्यांचे चेहरे मी तिथे वस्तूंच्या तुकड्यांनी केले आहेत. आई बटणांची आणि कपांच्या कडांची. बाबा वायसर, व्हॉल्व्ह आणि पितळेचे. विज्ञानाच्या बाई तपकिरी बाटल्यांच्या बुडांच्या. धाकट्याचा चेहरा सर्वांत शेवटी केला. जोडीदार मिस्त्रीने त्यांच्या कामांची यादी दिली. मी ती घरे हिंडले. फरशी घालून झाली की लोक दोन-चार जादा फरश्या जिन्याखाली ठेवतात, त्या मागितल्या. बहुतेकांनी दिल्या. एक जण म्हणाला, "तो खोकणारा मिस्त्री ना? एक सांधा हलला नाही हो अजून." ते तुकडे केसांना आणि सदऱ्याला पुरले. चेहऱ्यासाठी मी टाकीमागचे पोते उघडले.

मोठे काम कागदावर करतात, हे धाकट्यानेच नवे मिस्त्रीकाम शिकत असताना मला दाखवले होते. तुकडे खळीने कागदावर पालथे चिकटवायचे, सगळे मिळून भिंतीवर सिमेंटमध्ये दाबायचे, मग कागद भिजवून सोलायचा. म्हणून चित्र कागदावर उलटे काढावे लागते. पोत्यातल्या फरश्या हातोडीने फोडून मी पालथ्या लावू लागले, तेव्हा पाठी वर आल्या. पाठींवर पेन्सिलीने लिहिले होते. 'खिडकी-३'. 'कोपरा-डावा'. 'कपाटाखाली'. फुटून अर्धे झालेले आकडे. त्याने खोलीची मापे आठवून फरश्या कापून आणल्या होत्या. तीन वर्षे तो या खोलीत आलेला नव्हता.

मी एकतीस फरश्या फोडल्या होत्या.

त्या दिवशी पुढचे काम मी कसे केले ते आठवत नाही. कागद सोलला तेव्हा दिसले की चित्र उलटे काढायचे राहून गेले होते. धाकट्याच्या डाव्या भुवईवर खोक होती. तो सहा वर्षांचा असताना मी दार लोटले, ते त्याला लागले होते. भिंतीवर ती खोक उजव्या भुवईवर आली. पहिल्या मृत्युपत्रात मी अट घातली होती की घर भाचीला, परंतु ही भिंत कधी फोडू नये.

गेल्या रविवारी भाची आली. मी चार पत्रे पाठवल्यावर आली. पूर्वी ती मला 'अगं आत्या' म्हणायची. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अहो आत्या, खोक डावीकडे होती."

"चुकलं माझं. उलटं लागलं."

"मला लगेच दिसतं. दिवसभर उजवं-डावं हेच बघते मी." मग म्हणाली, "ते दाढी करताना मी मागे उभी राहायचे. आरशात बाबा असेच दिसायचे. त्यांना स्वतःचा चेहरा असाच माहीत होता."

मी म्हटले, चहा ठेवते. ती म्हणाली, नको. दाराशी चपला घालताना वर न बघता म्हणाली, "भिंतीवर घेतलंत. दारात उभे होते तेव्हा आत घेतलं असतंत तर."

मी अट सांगितली. ती म्हणाली, "मग नको मला घर. त्यांनी दिलं तेव्हा घातली होती का अट?"

म्हणून घर विनाअट देत आहे. तिने राहावे, विकावे, पाडावे. भिंत फोडायची झाल्यास धाकट्याची हातोडी भिंतीखालच्या फळीवर आहे. चेहरा काढून न्यायचा झाल्यास आधी पुढून खळीने कापड चिकटवावे आणि मग मागून छिन्नी लावावी. जोडीदार मिस्त्रीला येते. यातले काय करावे याबद्दल माझी कोणतीही इच्छा नोंदवलेली नाही.

५. न फुटलेल्या फरश्या एकूण चारच उरल्या: दार-१ ते दार-४. त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी कोरड्याच मांडून ठेवल्या आहेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर बसतात. त्याही भाचीच्या.

६. धाकट्याच्या ठेकेदाराला काहीही देऊ नये. वेळ जातो म्हणून तो फरशी भिजवून, धूळ न उडवता कापू देत नसे. तो भिंतीचे फोटो काढायला आला होता. त्यालाही मी दार उघडले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून धाकट्याची थापी मी जोडीदार मिस्त्रीला आजच हातात देणार आहे. तो म्हणेल, "ताई, हिची मूठ सैल झालीय." सैल आहे हे मला माहीत आहे.

८. सह्यांखाली काही लिहायचे नसते, म्हणून आधीच लिहिते. भाचीला काल पाचवे पत्र टाकले आहे. ती येईल असे तिने म्हटलेले नाही. साक्षीदार गेले की मी कप धुऊन पालथे घालीन, मागच्या खोलीचा उंबरा झाडीन, आणि पुढच्या दाराची कडी काढून ठेवीन.

लिहून देणार: (सही) ताई

आमच्यादेखत सही झाली. आम्हीही तिच्यादेखत सह्या केल्या:
१. (सही) जोडीदार, फरशीमिस्त्री
२. (सही) शेजारीण, शिवणकाम

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: वर लिहिल्याप्रमाणे, दुपारी चार