कपाळाचा ताप

आखार्नाय, मेतागित्निओन महिना,
चढत्या चंद्राची चौथ

सौ. मेलित्ताताईस धाकट्या मिकिओनचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं म्हणून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो, हे आधीच कबूल करतो. एकदा शाई घट्ट झाली होती, एकदा शेजारची बकरी विहिरीत पडली. ती काढायला माझी काही गरज नव्हती, पण गेलो. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही, तरी उठलो. गोष्टच अशी आहे की लिहिली की खरी होईल असं वाटत होतं.

ताई, आपल्या फिलाग्रोसदादाचं नाव गावच्या नागरिकांच्या यादीतून काढलं. सगळ्या गावांत याद्या तपासायचा हुकूम निघाला ते तुझ्या सालामिसलाही कळलंच असेल. इथे आपल्या गावच्या प्रोक्लीसने सभेत उठून सांगितलं, की बाबा लेम्नोस बेटावर असताना दादा जन्मला, म्हणजे त्याची आई तिथलीच कोणी परकी बाई असणार. खडे टाकून मतं घेतली आणि दादा पडला. गप्प बसला असता तर परका म्हणून का होईना, इथेच कोळसा पाडत राहिला असता. पण दादाने शहरातल्या न्यायसभेत दाद मागितली. तिथे जिंकला तर नाव परत. हरला तर काय, ते तुला माहीत आहे. हरलेल्याला बाजारात उभा करून विकतात. ताई, आपल्या दादाला. आणि मग आज तो, उद्या मी, परवा तुझी मुलं, कारण आई तर आपली एकच.

सुनावणी याच महिन्यात, उतरत्या चंद्राच्या पाचवीला, म्हणजे महिना संपायला पाच दिवस उरतील तेव्हा आहे. मला हे पिराएउसच्या बंदरावर कळलं. एका जहाजावर वल्ही मारायला निघालो होतो, ते सोडून घरी आलो.

पण फार घाबरू नकोस. मी शहरात दोन महिने भाषण शिकवणाऱ्या गुरुजींच्या मागे बागेत हिंडलो, ते काही फुकट गेलेलं नाही. गुरुजी सांगायचे, की समोरच्याला पटवायचं तर तीन गोष्टी लागतात: बोलणारा माणूस कसा आहे, ऐकणाऱ्याच्या मनात काय चाललंय आणि बोलण्यात दम किती. शेवटच्या दोन मला पाठ आहेत. पहिली शिकवली तेव्हा मी नेमका बंदरावर इजिप्तचं जहाज बघायला गेलो होतो. त्यावर एक मोठं मांजर होतं, ताई, चक्क कानात बाळी घातलेलं! असो.

दादासाठी भाषण लिहिलंय. तिथे ज्याचं त्यालाच बोलावं लागतं, म्हणून तो भट्टीपाशी बसून पाठ करतोय. सुरुवातीला गरुडाची उपमा घातली आहे. दादा म्हणाला, की मी गरुड इतक्या जवळून कधी पाहिला नाही, कोळशाचं काही घालता येत नाही का. त्याला म्हटलं, तू फक्त पाठ कर.

साक्षीदार मात्र एकच उरलाय. बाबांनी तीन वर्षांच्या दादाला कुळाच्या सणात सगळ्यांपुढे आणलं, बोकड दिला आणि कुळभावांनी ते मांस खाल्लं. परक्या बाईच्या पोरासाठी दिलेल्या बोकडाचं मांस कोणी खात नाही. त्या पंगतीतले बाकीचे गेले. बाबांचा कुळभाऊ कोमोनकाका तेवढा आहे. उद्या त्याच्याकडे जातो. त्याला पटवणं काही अवघड नाही.

भाऊजींना नमस्कार. मुलांच्या गालांना माझे दोन दोन चिमटे. रागावली असलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मिकिओन


सालामिस, त्याच महिन्यात,
चढत्या चंद्राची सप्तमी

चि. मिकिओन यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र होडीवाल्याने आणून दिलं तेव्हा मी मासे खारवत होते. तसेच खारट हात पुसून वाचलं, म्हणून कडा पांढऱ्या झाल्यात. दोन वर्षांत तुझं हे पहिलं पत्र. आधीची वाटेत बुडाली असं सांगू नकोस, तेवढी जहाजं बुडती तर आम्हाला कळलं असतं.

हे म्हणतात, की दादाने निकाल लागायच्या आत बायकोमुलांना घेऊन इकडे निघून यावं, पुढचं पुढे बघू. मी त्यांना म्हटलं, फिलाग्रोस भट्टी अर्धी टाकून कधी उठलाय का? तो पळणार नाही. म्हणून तर भीती वाटते.

गरुड काढ. पाचशे पंच समोर बसणार आणि आपला दादा, ज्याच्या नखांतला कोळसा लग्नातसुद्धा निघाला नव्हता, तो गरुडाबद्दल बोलणार! त्यांना वाटेल, भाषण उसनं आहे, तशी आईही उसनीच असेल. एवढं मला मासे खारवता खारवता कळतं, तुला बागेत हिंडून कसं कळलं नाही?

आणि कोमोनकाका म्हणे अवघड नाही! मिकिओन, तो बाबांना मूठमाती द्यायलाही आला नव्हता. का आला नाही, हे तू लिहिलं नाहीस. विसरलास, असं तूर्त मानते.

वहिनीला धीर दे. जवाचं पीठ आणि वाळलेले मासे पाठवले आहेत, वाटेत होडीवाल्याबरोबर बसून संपवू नकोस. जपून राहा, नि कळवत राहा.

तुझी,
ताई


आखार्नाय,
चंद्र भरत आलाय, तेरावा दिवस

सौ. ताईस सा. न. वि. वि.

मासे पोचले. दोन कमी भरले, त्याचं मला काही विचारू नकोस.

कोमोनकाकाकडे जाऊन आलो. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा बोलण्यातला दम घेऊन गेलो. पाच मुद्दे पाडले होते, बोटं मोडून मोडून सांगितले. काका लाकडं रचत होता. मान हलवत होता. म्हणाला, की पाचही बरोबर आहेत, सहावा हवा असेल तर तोही मीच सांगतो. त्या दिवशी तुझ्या बापाने मला बोकडाचा फऱ्याचा भाग वाढला होता, आणि तुझी आई कोपऱ्यात उभी राहून रडत होती, अस्सल आपल्याकडच्या बोलीत. मी म्हटलं, मग चला की साक्षीला! तर म्हणाला, नाही. आणि पुन्हा लाकडं रचायला लागला. वर असंही म्हणाला, की तुझ्या गुरुजींकडे पैसे परत मिळत असतील तर बघ.

दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याच्या मनाकडे वळलो. न्यायसभेत लोक लेकरं आणून रडवतात ना, तसं दादाच्या दोघांना घेऊन गेलो. फाटके कपडे घातले, वाटेत शिकवून ठेवलं, की मी खोकलो की रडायचं. काकाने त्यांना ताजी अंजिरं दिली. मी खोकलो. पोरं अंजिरं खातायत. पुन्हा खोकलो. काकाने मला मध दिला. धाकटी तर त्याच्या मांडीवर झोपून गेली. निघताना म्हणाला, की पोरांना पाठवत जा, तू येऊ नकोस.

हसू नकोस, ताई. मीही येताना हसलो आणि घरी आल्यावर पाहिलं, तर वहिनी दादाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कशाला, विचारलं. तर म्हणाली, की विकला गेला तर निदान धुतलेले कपडे अंगावर असावेत. आता बारा दिवस राहिले.

म्हातारा जुनं काहीतरी मनात धरून बसलाय, बाकी काही नाही. तिसऱ्यांदा कसं बोलायचं त्याचा विचार करतोय. गुरुजींची ती पहिली गोष्ट बागेतल्या कोणाला आठवते का, विचारायला शहरात जाऊन येईन म्हणतो. गरुड अजून काढलेला नाही. चांगला जमलाय गं.

आठवण ठेव आणि रागव, पण लिही.

मिकिओन


सालामिस,
चंद्र उतरायला लागला त्याचा पहिला दिवस

चि. मिकिओन यास आ.

शहरात जाऊ नकोस.

मी लिहिणार नव्हते. तू स्वतः लिहिशील म्हणून दोन पत्रं वाट पाहिली. जुनं काहीतरी, म्हणतोस. ते काय, ते आपल्या घरात आपल्या दोघांनाच ठाऊक आहे.

तू चौदा वर्षांचा होतास. कोमोनकाकाने त्याची भट्टी एक दुपार तुझ्यावर सोपवली होती. आत आख्ख्या हिवाळ्याचं ओकचं लाकूड होतं. वरून थापलेल्या मातीला भोक पडलं तर बुजवायचं, एवढंच तुझं काम. तू कड्यावर जाऊन समुद्रातली शिडं मोजत बसलास आणि सगळ्याची राख झाली. मग धावत घरी आलास आणि चुलीपुढे कपाळ शेकत बसलास. मी शेजारी पीठ मळत होते. मला सगळं दिसत होतं. बाबा आले, त्यांनी तुझ्या कपाळाला हात लावला. ते भाजत होतं. काकाने विचारलं तेव्हा बाबांनी वेदीवर हात ठेवून शपथ घेतली, की माझा मुलगा ताप भरला म्हणून घरी येऊन पडला होता.

बाबांनी खोटं सांगितलं नाही रे. त्यांनी जे हाताला लागलं ते सांगितलं. पण कड्यावर तुला काकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या लेखी आपलं घर म्हणजे देवापुढे खोटी शपथ घेणारं घर. अशा घरासाठी तो शपथेवर कसा उभा राहील? बाबा शेवटपर्यंत विचारत राहिले, की कोमोन का येत नाही. मी उशाशी होते आणि मीही बोलले नाही. तू तेव्हा कुठल्या बेटावर होतास देव जाणे.

तुझ्यावर एकट्यावर ढकलत नाही. निम्मं माझं आहे. पण मला लग्न झालेल्या बाईला होडीत बसून दुसऱ्या पुरुषाच्या दारी जाता येत नाही, तुला चालत जाता येतं.

यावर उत्तर लिहीत बसू नकोस. ऊठ.

ताई


अथेन्स शहर, आपले गावकरी उतरतात त्या कुंभाराच्या घरून,
उतरत्या चंद्राची पाचवी, पहाट

सौ. ताईस, नमस्कार, आणखी काय लिहू.

तुझं पत्र वाचलं आणि तरी तीन दिवस गेलो नाही. भट्टीची माती चाळली, कुंपण नीट केलं, जे कोणी सांगितलं नव्हतं ते सगळं केलं. चौथ्या दिवशी गेलो. वाटेत शब्द जुळवत होतो, पण दारात पोचलो तेव्हा एकही सापडला नाही. म्हणून नुसतं सांगितलं. शिडं, चूल, कपाळ, बाबांचा हात. बाबांना माहीत नव्हतं हे दोनदा सांगितलं. आणि साक्षीचं काही मागितलं नाही, खरं तर विसरलो. घरी आल्यावर आठवलं.

काका लाकडावर लाकूड ठेवत राहिला. मग विचारलंन, किती होती शिडं. सतरा, म्हटलं. त्यावर आत गेला आणि दार लावून घेतलंन. आजपर्यंत तिकडून काही निरोप नाही.

दादालाही सांगितलं. ते जास्त अवघड गेलं. दोन दिवस तो जेवताना भांडं माझ्याकडे सरकवायचा, तेवढंच. मी म्हटलं, मी हे बोलून बसलोय, उद्या प्रोक्लीसच्या कानावर गेलं तर तो न्यायसभेत म्हणेल, की बघा, यांच्या घरातल्या शपथा अशा असतात. दादा म्हणाला, की म्हणू दे, खरंच आहे ते. मग माझं भाषण मागितलंन आणि त्यानेच शेगडी पेटवली. गरुड चांगला जळला, ताई.

आज तो स्वतःचं बोलणार आहे. काल संध्याकाळी त्याने मला म्हणून दाखवलं. मी अमुकचा मुलगा, कोळसा पाडतो, बाबांनी मला तीन वर्षांचा असताना कुळापुढे उभा केला, बोकडाचं मांस खाणाऱ्यांत आता एकच माणूस जिवंत आहे आणि तो आला नाही याचं कारण आमच्याच घरात आहे. एवढंच. आपल्याला मडकंभर पाणी गळून जाईपर्यंत बोलायला मिळतं, याच्या बोलण्यात अर्धंसुद्धा गळायचं नाही. मी म्हटलं, काका आला नाही हे वाक्य तरी गाळ, ते आपल्याला बुडवेल. दादा म्हणाला, की ते गाळलं तर मग कोण बोलतोय म्हणून ऐकायचं त्यांनी? मला वाटतं, मी मांजर बघत होतो त्या दिवशी गुरुजी हेच सांगत असावेत, पण आता विचारायला वेळ नाही.

उजाडतंय. वहिनी मुलांची तोंडं धुतेय. दादाने धुतलेले कपडे घातलेत, तेच घडी घातलेले. मला त्याच्याकडे बघवत नाही, म्हणून लिहीत बसलोय आणि शेगडीवर पाणी ठेवलंय. निकाल तुला होडीवाल्याबरोबर लगेच

ताई, थांब. दार वाजलं म्हणून उठलो होतो. कोमोनकाका दारात उभा आहे. आखार्नायहून चालत आलाय, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेत आणि अंगावर कुळाच्या सणाला घालतो ते पांढरं वस्त्र आहे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेगडीचा धूर पाहून दादाला विचारतोय, की इतकी वर्षं झाली तरी विस्तव अजून याच्याच हाती देता का रे. आणि शपथेआधी हात धुवायला पाणी मागतोय.

पाणी देतो. लोभ

मिकिओन