मांडीवरचा घट्टा

आंधळगाव, ता. मोहाडी
२ डिसेंबर २०११

चि. चंदन,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. रेशमाचा कोसा यंदा बरा आला, शेजारच्या रुखमिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. सूनबाईला आणि छोट्या रेणूला आशीर्वाद सांग.

आम्ही ऑस्ट्रेलियाला येत नाही. तुझ्या आईला तिकडची थंडी सोसणार नाही.

हे तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. आता ती बाजारात गेली आहे, तेव्हा माझं लिहितो. फोनवर ती शेजारी असते, म्हणून पत्र.

कायमचं राहायला यायचं तर तब्येतीची तपासणी, विमा, पोलिसांचा दाखला, सगळं लागतं हे तू समजावलंस. त्याबद्दल तक्रार नाही. परक्याच्या घरात शिरायचं तर तो आधी पाय धुवायला लावणारच. नागपूरला गेलो. छातीचा फोटो काढला, रक्त दिलं, चारचौघांत लघवीची बाटली हातात धरून रांगेत उभा राहिलो. किळस आली, पण घरी येऊन अंघोळ केली आणि ती गेली.

मग तिथल्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या आईच्या उजव्या मांडीवरचा डाग दिसला. कोष्ट्याच्या घरी जन्मलास, तुला तो काय सांगायचा? लग्नाआधीपासून उघड्या मांडीवर कोशाचा धागा वळून वळून पडलेला घट्टा. बाईंनी त्यावर कापूस फिरवला, टाचणी टोचली आणि विचारलं, काही जाणवतं का? आपल्या बायका एकमेकींना ज्या तोऱ्यात सांगतात, त्याच तोऱ्यात ही म्हणाली, "काईच नाही जी. कवाचीच मेली ते चामडी. जिले अजून टोचते, तिले सूत काढता येत नाही." आणि हसली.

बाई हसल्या नाहीत. बधिर डाग म्हणजे त्यांच्या लेखी कुष्ठरोगाची शंका. त्यांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. त्यांचं काही चुकलं नाही.

तुझं चुकलं. मी फोन केला तो तू त्या बाईंना, हा धागा वळून पडलेला घट्टा आहे, अशा दोन ओळी लिहून पाठवशील म्हणून. तू म्हणालास, "बाबा, तुमी एकटेच या आधी. आईचं मंग पाहू."

"काहून?" मी म्हटलं.

"रेणू तिच्या मांडीवर बसंल ना. मले विचारानंच कसंतरी होऊन राहिलं."

वर विचारलंस, तिनं रेणूसाठी शिवून पाठवलेली दुपटी जाळून टाकू का. अरे, तिच्या एका मांडीवर तू झोपायचास आणि दुसरीवर धागा वळला जायचा. तुझ्या शिक्षणाला तोच धागा लागला. तेव्हा तुला कसंतरी झालं नाही.

आपल्या फोनचा आवाज बाहेर ऐकू येतो. ती चुलीपाशी होती. तव्यावरची भाकर करपली.

गेल्या गुरुवारी निकाल आला. रोगबिग नाही, नुसता घट्टा. लगेच तुझा फोन, "आता काई अडचण नाही बाबा, आईले द्या." तिच्याशी किती गोड बोललास. गरम कपडे तिकडेच घेऊ म्हणालास. त्या गोडपणाची मला जेवढी किळस आली, तेवढी नागपूरच्या बाटलीचीही आली नव्हती. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "त्याले थंडीचंच सांगा. पोराले वाईट नोको वाटू देऊ."

तुला वाईट वाटावं म्हणूनच हे लिहितो आहे. माझाही अर्ज मी मागे घेतला.

भाकर करपली त्या दिवसापासून ती सूत काढायला बसत नाही. रोज न्हाणीत दार लावून वजरीनं तो घट्टा घासते. काल रक्त निघालं. मी वजरी हिसकावून घेतली, तर म्हणते, "थोडासाच राहिला जी. हा गेला का तो रेणूले घेऊन येईल."

तुझ्या आईचा नवरा,
गोपाळराव