अंगठ्याने मोजलेली हवा

लिहून ठेवणार: शिवय्या गुरुपादय्या मठपती, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सायकलचे टायर-ट्यूब विकणे व बसवणे, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर.

हे इच्छापत्र मी कुणाच्या दडपणाखाली नव्हे, तर गंगावेशीतल्या दुकानात बसून, चहा पिऊन, स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझी पत्नी गंगव्वा हिने "कुठल्या डॉक्टरनं दिला वं ह्यो?" असे विचारले, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. रक्तात साखर आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी मी सुखी माणूस आहे. यापूर्वी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड मिळाली नव्हती.

आता ते करण्याचे कारण एकच, दुकान. माझा मुलगा महांतेश गोकुळ शिरगावला फौंड्रीत सुपरवायझर आहे. पोरगा गुणी आहे, पण टायर काळा असतो यापलीकडे त्याला टायरातले काही कळत नाही. जागा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यावी, असे त्याचे मत. दुकान चालवू शकेल असे घरात दुसरे एकच माणूस, त्याची बायको सुष्मिता. आणि तिने सव्वा वर्ष दुकानाची पायरी चढलेली नव्हती. त्याला कारण मी. ते पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण ते लिहिल्याशिवाय वाटणी पुरी होत नाही.

कलम १. फुलेवाडीतील राहते घर गंगव्वाला तहहयात, तिच्यामागे महांतेशला. पतसंस्थेतील ठेवही गंगव्वाचीच. माझ्या सदऱ्यांवरची काळी बोटे तिने जन्मभर घासली आहेत, त्यामुळे यात कुणी तोंड घालू नये. दारातल्या जुन्या ट्रॅक्टरच्या टायरात तिने पुदिना लावला आहे. तो टायर महांतेशने पार्किंगसाठी हलवू नये.

कलम २. पाने, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, चाक सरळ करायचा स्टँड आणि पंक्चर बघायची लोखंडी घमेली ही सगळी दुकानासोबत राहतील. एक घमेले गंगव्वा अंगणात पापड वाळवायला न्यायची. ते परत आलेले नाही. ते तिलाच दिले असे समजावे.

कलम ३. टायर कुणाला कोणता द्यावा, हे माझे ज्ञान. वकीलसाहेब म्हणाले, ज्ञान ही मिळकत नव्हे, ते मृत्युपत्रात घालता येत नाही. मी म्हणालो, मग तुम्ही फी कशाची घेता? त्यावर त्यांनी हे कलम राहू दिले.

गिऱ्हाईक आले की त्याची सायकल बघण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कुठून कुठे जाता, ओझे काय असते आणि पावसात चालवता का? पेठ वडगावकडून दुधाच्या किटल्या लावून येणाऱ्याला जाड, मजबूत टायर द्यावा. त्याच्या मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त हवा लागते, कारण भार सगळा मागे. हायवेने कागलला कामावर जाणाऱ्याला अरुंद, गुळगुळीत टायर हलका पळतो. पण हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या बारीक तारा पडलेल्या असतात, म्हणून आत पंक्चर अडवणारा पट्टा असलेलाच द्यावा. मलकापूरकडे तांबडी खडी आणि चार महिने पाऊस, तिथे रुंद, उठावदार नक्षीचा टायर आणि हवा जरा कमी. मात्र काळ्या रानातून जाणाऱ्याने हाच रुंद टायर मागितला तर देऊ नये. काळ्या मातीचा चिखल नक्षीत भरतो, मडगार्डात दाटतो आणि चाक फिरायचे थांबते. मग माणूस सायकलवर बसून नव्हे, तर सायकल माणसाच्या खांद्यावर बसून घरी येते. त्याला मध्यम रुंदीचा, विरळ नक्षीचा टायर बरा. गावातल्या गावात कॉलेजला जाणाऱ्या पोरींना मधे सपाट आणि कडेला नक्षी असलेला द्यावा. सरळ रस्त्यावर तो हलका जातो आणि वळणावर कडेची नक्षी रस्ता धरते. गोदामात पडून बाजूला भेगा गेलेला टायर फुकटसुद्धा देऊ नये.

मागच्या दिवाळीत एक तरणाबांड आला आणि त्याने सगळ्यात रुंद टायरावर हात ठेवला.

"पावणं, सायकल कुठं चालीवता?" मी विचारले.

"रंकाळ्याला. सांजच्याला एक चक्कर."

"मग एवढा रणगाड्याचा टायर कशाला?"

"दिसाय भारी दिसतोय की!"

"सायकल चालवाय पायजे का दारात लावाय?"

तो रागावून समोर पिराजीच्या दुकानात गेला आणि तिथून तोच टायर घेतला. आठव्या दिवशी माझ्याकडे परत आला. "काका, लई जड जातीया ओ," म्हणाला. मी त्याला पाणी दिले, मग टायर दिला.

कलम ४. वरील पिराजी चौगले हा माझा समोरचा दुकानदार. गेली छत्तीस वर्षे आम्ही एकमेकांच्या गिऱ्हाइकांकडे मान वाकडी करून बघत आलो. गिऱ्हाईक मागेल ते द्यावे हा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाइकाला लागेल ते द्यावे हा माझा. त्यावरून आमची जेवढी भांडणे झाली तेवढी माझी बायकोशीही झाली नाहीत. तरी त्याला आठवण म्हणून काहीतरी ठेवावे, असे गंगव्वाने सुचवले. वकिलांनी सांगितले, साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये. म्हणून मी पिराजीला साक्षीदार केले आहे. त्याला हे सांगितले तेव्हा तो मनापासून हसला.

कलम ५. सुष्मिताबाबत.

ही मलकापूरची. माहेरी तांबड्या मातीतून रोज सायकलने कॉलेजला जायची. लॉकडाउननंतर सायकलींना अचानक मागणी आली तेव्हा ती दुकानात येऊ लागली आणि वर्षभरात माझ्यापेक्षा तयार झाली. टायरच्या बाजूला छापलेले बारीक आकडे ती वाचायची. टायर किती रुंद, कुठल्या चाकाचा, हवा किती सोसेल, सगळे त्यावर असते. मी ते कधी वाचले नाहीत. मी अंगठ्याने टायर दाबायचो. अंगठा दबला तर आणखी हवा, दबला नाही तर पुरे. मठपतींचा अंगठा म्हणजे मीटर, असे गंगावेशीत म्हणत आणि मला ते ऐकायला आवडायचे.

दर रविवारी सहाला माझ्या दुकानापासून पन्हाळ्याला जाणारा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. विजयसिंह खाडे त्याचे म्होरके. हे गृहस्थ टायर ऑनलाइन मागवतात आणि बसवायला मात्र माझ्याकडे आणतात, पण माणूस दिलदार. सुष्मिता त्यांच्यात जायची. २०२३च्या श्रावणात तिने पावसाचा विचार करून स्वतःच्या सायकलला थोडे रुंद, बारीक नक्षीचे टायर घातले. तिची निवड अचूक होती. हवा मी भरली. येताना घाटातल्या ओल्या वळणावर तिचे चाक सटकले आणि गळ्याजवळचे हाड मोडले.

दवाखान्याबाहेर सगळे विचारू लागले, कसे झाले. मी तिला न विचारता सांगून टाकले, "पुढचा ब्रेक दाबला असणार. बायामाणसं घाबरली की तेच करतात." हे वाक्य माझे आहे. लिहिताना लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. पुढे ग्रुपमध्ये कुणीही घसरले की "वहिनींचा ब्रेक" म्हणून हसायची पद्धत पडली. सुष्मिताचे हाड दोन महिन्यांत जुळले, पण रविवारी जायचे तिने बंद केले. मला एका शब्दाने उलट बोलली नाही.

दिवाळीच्या सुमारास ती दुकानात परत आली ती हवेचे मीटर घेऊन. मी हवा भरली की ती मीटर लावायची आणि गिऱ्हाइकादेखत थोडी हवा सोडून द्यायची. दोन दिवस बघितले, तिसऱ्या दिवशी मी भडकलो. "माझ्या डोळ्यांदेखत माझी हवा काढतीस व्हय? उद्यापासनं दुकानात येऊ नगंस," म्हणालो. तिने मीटर गल्ल्याच्या खणात ठेवले आणि घरी गेली. तिथून पुढे सव्वा वर्ष.

गेल्या डिसेंबरात साखरेच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, अंगठ्याला टाचणी लावतो.

"लावा की," मी म्हणालो.

"लावून झाली," डॉक्टर म्हणाले.

चार-पाच वर्षांपासून बोटे बधिर होत आली असणार, त्यात वरून रबर घासून आलेला घट्टा. म्हणजे टायर घट्ट झाला तरी अंगठ्याला ते कळत नव्हते आणि मी भरतच होतो. तसाच दुकानात आलो, खणातले मीटर काढले, सकाळी मीच हवा भरलेल्या एका सायकलला लावले. टायरवर हवेची हद्द पंच्याहत्तर लिहिली होती, काटा शंभराला. टायर कितीही विचार करून निवडा, त्यात दगडासारखी हवा भरली की तो ओल्या रस्त्याला टेकतो कमी आणि उड्या मारतो जास्त. हे मीच लोकांना शिकवले होते. माझी सून ब्रेकने नव्हे, माझ्या अंगठ्याने पडली होती.

दीड महिना मी हे कुणालाही सांगितले नाही. मग वकिलांकडे जाऊन या मृत्युपत्राचा पहिला मसुदा केला. त्यात कबुली लिहिली आणि दुकान सुष्मिताला ठेवले. वकिलांनी चष्मा काढला. म्हणाले, "मठपती, त्या हे वाचतील तेव्हा तुम्ही नसणार. म्हणजे माफी मागायची, पण समोर उभं राहायचं नाही. सोय चांगली केलीय." फी घेण्यासारखे हे एकच वाक्य ते बोलले. मी मसुदा खिशात घातला आणि घरी गेलो.

सुष्मिता भाकऱ्या थापत होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"मला ठाऊक हाय, मामा," म्हणाली. "सायकल घरी आणल्यावर मागच्या चाकाला मीटर लावून बघितलं व्हतं मी."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? सगळा गाव तुमच्या अंगठ्यावर इस्वास टाकून येतोय. सुनंनं जाऊन त्यो खोटा पाडायचा? म्हणून मीटर आणलं. गपचिप हवा कमी केली की झालं, असं वाटलं. तर तुम्ही मलाच घालवलं."

मला रडू आले. आले ते आले, लपवत नाही. मी म्हणालो, "चुकलं माझं, पोरी."

"मला सांगून काय उपेग? मी कुटं घसरले ते मला म्हाईत हाय. ज्यास्नी ब्रेक सांगितलासा, त्यास्नी सांगा."

गंगव्वा आतून ओरडली, "बरोबर बोलली! आता जावा आणि सांगा!"

कलम ६. त्याप्रमाणे रविवार दि. २ फेब्रुवारी रोजी सकाळी सहा वाजता दुकानापुढे ग्रुप जमला असता मी पायरीवर उभा राहिलो. पिराजी शटर उघडत होता, म्हणून आवाज चढवूनच बोललो. "सुष्मितानं ब्रेक दाबला नव्हता. टायर तिनं बरोबर निवडला होता. हवा मी जास्ती भरलेली. माझ्या अंगठ्याला चार-पाच वर्षं झाली काय कळत न्हाय. तिच्या नावानं हसलासा तेवढं आता माझ्या नावानं हसा."

विजयसिंहांनी हेल्मेट काढले आणि म्हणाले, "काका, चूक आमची बी हाय. आमी तिला एकदा बी इचारलं न्हाई." मग सगळ्यांनी आपापली हवा मीटरने तपासून मागितली आणि मला ते मीटर नीट धरता येईना. पिराजी रस्ता ओलांडून आला आणि त्याने ते धरून दाखवले. याबद्दल त्याचे उपकार मानतो, पण वर लिहिल्याप्रमाणे त्याला काही देता येत नाही.

सबब, दुकानाबाबत खुलासा असा. गंगावेशीतील दुकान, त्यातील सामान, उधारीची वही आणि फळीवरचा माल यांची विल्हेवाट या मृत्युपत्राने लावलेली नाही, कारण ती माझ्या मिळकतीत उरलेली नाहीत. गुरुवार दि. १३ फेब्रुवारी रोजी नोंदणीकृत बक्षीसपत्राने ती सौ. सुष्मिता महांतेश मठपती हिला दिली. महांतेशने त्यावर राजीखुशीने सही केली आणि मोबाइलवाल्याला नाही म्हणून कळवले. मी सध्या तेथे तिच्या हाताखाली कामाला आहे. टायर मी सुचवतो, आकडे ती वाचते. हवेला हात लावायची मला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

काल रविवारी ती दीड वर्षाने पन्हाळ्याला गेली. दहापर्यंत दुकानात मी एकटा होतो. हवा भरायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बाकावर बसवून सांगत होतो, "थांबा पावणं, मालकीण घाटात गेल्यात. त्या आल्याशिवाय हवा मिळणार न्हाय."

वरील मजकूर मी वाचून, समजून, एकही शब्द परत न घेता सही करतो.

लिहून ठेवणार: (सही) शिवय्या गुरुपादय्या मठपती

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:

१. (सही) पिराजी बंडू चौगले, धंदा सायकल दुकान, गंगावेश

२. (सही) विजयसिंह दिनकर खाडे, राहणार शाहूपुरी

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५