मागं कोण बसणार?

२८ जून, शनिवार

ठरलं! कृपा पॅरामेडिक होणार. आता कॉलेज तेवढं ठरायचंय, आणि ते मी ठरवणार. एकोणीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवतोय, अख्ख्या संगमनेरात यातलं माझ्याइतकं कोणाला कळतंय? आमच्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, "स्टीफन, गाडीवर तू असलास की पेशंट वेळेत येतो."

वेळेत येतो हे खरं. पण मागं त्याच्याजवळ कोण बसलेलं असतं? बायको, नाहीतर भाऊ, नाहीतर गावातलं कोणीतरी. काही येत असेल असा एक माणूस नसतो. मी पुढं स्टेअरिंगवर. आता मागं माझी पोरगी बसली, कुठल्याही गाडीत का होईना, तर काय बिशाद आहे वाटेत कोणी जायची!

बारावी सायन्स, ७१ टक्के. मला पण सायन्सच होतं, ५८ पडले होते, पण ते जुनं झालं. तीन ठिकाणं काढलीत. २१ जुलैपर्यंत फॉर्म गेला पाहिजे. वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवलेत — गाडी पळत असताना शिकवता का, की नुसतं वर्गात? पेशंटची माणसं रडायला लागली तर काय करायचं, ते शिकवता का? आणि शिकवणारा स्वतः कधी मागं बसलाय का?

जास्मिन म्हणाली, "अहो, पोरीला विचारलंत का?"

विचारलं की! "बरं" म्हणाली.

१ जुलै

तीन खेपा. जेवण साडेचारला. कृपा शेजारच्या दूध संकलनावर, फॅट मोजायच्या मशीनवर बसलेली. पोरीला त्या मशीनचं काय वेड आहे कोण जाणे.

३ जुलै, गुरुवार

शिर्डी रोडचं कॉलेज बघितलं. सगळी काच! आत एवढं गार की कृपा शिंकायला लागली. टाय लावलेले सर. पुतळा दाखवला, छाती दाबायची शिकवतात तो. नवाकोरा, अंगावर प्लास्टिक तसंच. लग्नात आलेल्या सोफ्यासारखा! मी म्हटलं, "सर, याला कोणी हात लावलाय का?" म्हणाले, "खराब होतो हो. परीक्षेला काढतो."

मग माझे प्रश्न काढले. सर म्हणाले, "तो प्रॅक्टिकलचा भाग आहे." दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला घड्याळाकडं बघितलं. आपण पण उठलो.

येताना कृपा म्हणाली, "पप्पा, डेअरीच्या कोर्सचा पण फॉर्म..." म्हटलं, ते बघू नंतर. आधी हे तडीला लागू दे.

४ जुलै

जास्मिन हसतेय. मोबाईलवर व्हिडिओ लावून उशीवर छाती दाबायची प्रॅक्टिस करत होतो — ही माझी पाच-सहा वर्षांची सवय. कृपा आकडे मोजते. "कृपाचे पप्पा, उशीचा जीव घ्याल!" म्हणे. घेईन! कापूस खाली बसलाय, रोज सकाळी मान आखडते ती माझी आखडते, हिला काय.

७ जुलै, सोमवार

पुण्याला जाऊन आलो. तीन वर्षांची डिग्री. कॉलेज एक नंबर! स्वतःची गाडी आहे, पोरांना मागं बसवून फिरवतात. पहिल्याच प्रश्नाला पास. मॅडम पण भारी. तिसरा प्रश्न विचारला तर बाही वर करून हातावरची खूण दाखवली — ब्रेक लागला तेव्हा कपाटाची कडा लागलेली. अशी माणसं पाहिजेत!

मॅडमनी कृपाला विचारलं, "तुला का यायचंय यात?" मीच सांगून टाकलं. एकोणीस वर्षांत काय काय बघितलं, माणसं वाटेत कशी जातात, दहा मिनिटं तरी बोललो असेन. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी मुलीला विचारलं होतं." जरा ओशाळलो. पण पोरगी लाजते, तिच्या वतीनं बापानं नाही बोलायचं तर कोणी!

तीन वर्षं लांब राहणार मात्र.

१० जुलै, गुरुवार

आजचा दिवस लिहायलाच पाहिजे.

सवय व्हावी म्हणून कृपाला मुद्दाम पुढच्या सीटवर घेतलं होतं. अकरा वाजता फोन. चंदनापुरीच्या घाटात मोटरसायकलच्या चाकात पदर अडकून रतनबाई नावाची म्हातारी पडलेली. मांडी फाटली होती. सून सविता मागं बसली. मी म्हटलं, "कृपा, मागं जा, तिला मदत कर!"

कृपा म्हणाली, "पप्पा, नाही. नाही जमणार मला." डोळे गच्च मिटलेले.

भांडायला वेळ कुठं होता? गाडी काढली. मागून सविता रडायला लागली, "दादा, लई रगत हाय वो! थांबतच न्हाई!"

मी पुढून ओरडतोय — "दाब! दोन्ही हातांनी! उचलून बघू नको!" "कापड भिजलं वो!" "भिजू दे! काढू नको! त्याच्यावर दुसरं ठेव, आन् दाब!" एक हात हॉर्नवर, आणि दुसऱ्या हातानं... आरसा खाली ओढला.

आतला आरसा मी सहा वर्षं छताकडं करून ठेवला होता. पारनेरकडचा एक पेशंट होता, त्याचा मुलगा राम मागं बसून सारखा विचारत होता, "काका, आता काय करू? काका, सांगा ना!" मला काही येत नव्हतं. मी नुसती गाडी पळवली. सत्तावीस किलोमीटर. आरशात त्या पोराचं तोंड दिसत होतं. दुसऱ्या दिवशी आरसा वर केला आणि संध्याकाळी उशी घेतली.

आज आरशात सविताचे हात दिसत होते. सोडले नाहीत बाईनं! डॉक्टर म्हणाले, "कोणी दाबून धरलं? म्हातारी वाचली त्यानं."

आनंदानं नाचावंसं वाटत होतं! पण हे काम मागं बसून करायचं आहे, पुढून ओरडून नाही. कृपा घाबरली, घाबरू दे. शिकल्यावर जमतं.

१२ जुलै, शनिवार

नगर! हेच ते!

जुना दवाखाना, दोन खोल्या, एका वर्षाचा कोर्स. आरती सिस्टर शिकवतात. केस पिकलेले, आवाज कंडक्टरसारखा. अकरा वर्षं गाडीत मागं बसल्यात. पुतळ्याची छाती एवढी दबलीय की आत लाकडाची फळी घातलीय. मी मनात म्हटलं, सापडलं! वर्ग शनिवार-रविवार, कामावरची माणसंही येतात म्हणे, वयाची अट नाही. कृपाला त्याचं काय, पण बरं.

दुसऱ्या प्रश्नाला म्हणाल्या, "रडणाऱ्याच्या हाताला काम द्यायचं. रडू आपोआप मागं पडतं." मी तर बघतच राहिलो. सविता आठवली.

सिस्टरनी कृपाला छाती दाबायला लावली. चार वेळा दाबलं आणि हसायला लागली. मग मला म्हणाल्या, "बघता काय, तुम्ही या." दोन मिनिटं दाबलं. घाम निघाला. सिस्टर घड्याळाकडं बघत होत्या.

"कुठं शिकलात?"

"उशीवर."

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एकही दाब चुकला नाही." घरी येईपर्यंत मी शीळ वाजवत होतो.

१३ जुलै, रविवार

चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. पाळक म्हणाले, "कृपासाठी प्रार्थना करू या." कृपा माझ्याकडं बघत होती, डोळे मिटायच्या वेळी.

१८ जुलै

फॉर्म भरायचं काम कृपानं अंगावर घेतलं. "तुम्ही फक्त सही करा, पप्पा." बघा, आली की नाही गोडी! माझी बारावीची मार्कशीट मागितली. पालकाचं शिक्षण लागतं म्हणे. लोखंडी पेटी उपसून काढली. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण ५८ शाबूत आहेत.

२० जुलै, रविवार

उद्या सही. नवीन पेन आणलं.

२१ जुलै, सोमवार

सही करायला फॉर्म पुढं ओढला. वर नाव — स्टीफन येशुदास भालेराव. वय ४४. बारावी सायन्स, ५८ टक्के. फोटो माझा.

"अगं, हे काय?"

"तीन कॉलेजं फिरलो, पप्पा. सगळे प्रश्न तुमचेच होते. मला एकही पडला नाही. मी डेअरीचा फॉर्म भरलाय."

ओरडणार होतो. रडलो. जास्मिनदेखत, पोरीदेखत, घळाघळा.

दुपारी दोघं नगरला गेलो. आरती सिस्टर फॉर्म बघून म्हणाल्या, "पालकाची सही राहिलीय."

कृपानं माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि केली.