कसलेला हात

३ मार्च, मंगळवार

सुटलो! निर्दोष! तीन वर्षं सात महिने कोठडीत काढली आणि जज्जसाहेबांना निकाल वाचायला दीड मिनिट लागलं. कत्तलखान्याच्या मुकादमाचा खून मी केलेला नाही. वकीलबाईंनी जखमेचा फोटो वर धरून विचारलं होतं — "हा माणूस बारा वर्षं कत्तलखान्यात हाडं सोडवतोय. याची सुरी बरगडीत अडकेल? कसलेला हात असं चिवडत नाही!" तेच टिकलं.

चिमणी मागच्या बाकावर, मेव्हणीजवळ. आई गेल्यापासून मावशीकडेच असते. नऊ वर्षांची झाली पोर. वर्गात सांगून आली होती, माझ्या बाबाने काही केलेलं नाही, आज तो घरी येणार.

पायरी उतरलो नाही तोच चौघं. "परदेशी विभाग. चल." म्हटलं, साहेब, मी सुटलोय! "म्हणूनच." काम सुटलं, तसा राहायचा परवानाही संपला म्हणे. हात पाठीमागे पिरगळला, तोंड गाडीच्या पत्र्यावर आपटलं. एक दात हलतोय. चिमणी जन्मली इथे, तिचे कागद इथले, आणि बाप परका. तिने सगळं पाहिलं.

४ मार्च

परदेशी विभागाची कोठडी. आगीतून फुफाट्यात. तुरुंगात निदान पुढची तारीख मिळायची.

९ मार्च

स्वयंपाकघरात काम लावलं. मांस तोडायचं, दुसरं काय! सुरी टेबलाला साखळीने बांधलेली, हातभर सैल. समोर बटाटे सोलायला मास्तर. गणित शिकवायचे. चोरीच्या खटल्यातून सुटले आणि माझ्यासारखेच दारात उचलले गेले. बायको इथल्याच दवाखान्यात, दर दोन दिवसांनी रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं तिला. तिला सोडून कुठे जाणार हा माणूस?

पहारेकऱ्याला सगळे घोड्या म्हणतात. का, ते आज कळलं. रश्श्यात मीठ जास्त पडलं म्हणून त्याने मास्तरांच्या मांडीवर लाथ घातली. म्हातारा भिंतीला धरून खाली बसला. मी सुरीकडे पाहिलं आणि पुन्हा मांस तोडायला लागलो.

१४ मार्च

आज नेलं विमानावर. कमरेला पट्टा, हात पट्ट्याला बांधलेले. शिडीवर मी ओरडायला लागलो — माझी पोर इथे आहे! एकाने गळ्याभोवती कोपर आवळलं, दुसऱ्याचा गुडघा पाठीत. डोळ्यांपुढे काळं. सीटवर दाबून धरलं तरी ओरडत राहिलो. बायका रडायला लागल्या, पायलट बाहेर आला. "याला घेऊन मी उडणार नाही." उतरवलं. मग त्याचा वचपा गाडीत काढला. दार बंद केलं, हात मोकळे केलेच नाहीत. दोन बरगड्या गेल्या असाव्यात. श्वास घेतला की कळ येते.

१६ मार्च

इथला चष्मेवाला साहेब हसत म्हणाला, "शुक्रवारी सरकारी विमान. त्यात ओरड हवं तेवढं."

दुपारी चिमणी आली. मध्ये काच. सुजलेला डोळा बघून विचारलं, "बाबा, तू काही केलं नाहीस ना? मग?"

१७ मार्च

मास्तरांनी बटाट्याच्या सालांवर बोट फिरवत गणित मांडलं. "निर्दोष म्हणजे मोकळा. मोकळा परका म्हणजे बाहेर. पण नवा गुन्हा दाखल झाला, की खटला संपेपर्यंत सरकारचा जावई!" आणि हसले. मला आधी थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. शुक्रवारच्या विमानात त्यांचंही नाव आहे. "तू मला दंडावर ओरखडा दे, मी तुझ्या डोक्यात पळी घालतो. घोड्यासमोर. दोघांवर गुन्हा, दोघं इथेच." मी म्हटलं, मास्तर, जिवंत माणसाला मी कधी सुरी लावलेली नाही. "म्हणून तर तुझ्यावर विश्वास. हात कसलेला आहे."

१८ मार्च

आज मांसावर नुसता ओरखडा काढून पाहिला. बारा वर्षांत कधी काढला नव्हता.

१९ मार्च, गुरुवार

लिहितो. लिहायलाच हवं.

घोड्या दारात आल्यावर मास्तरांनी शिवी हासडली. मास्तरांच्या तोंडात शिवी! पळी कपाळावर बसली, रक्त डोळ्यात. मी डाव्या हाताने त्यांचा दंड धरला, उजव्याने सुरी टेकवली. ते दचकले, अंग वळवलं. टांगलेलं जनावर कधी हलत नाही, पण ओलं मांस निसटतं. निसटलं की डावा हात आवळतो आणि उजवा दाबतो, विचार करायच्या आत. बारा वर्षांची सवय. काखेतून आत गेली. ओढली तर येईना. बरगडीत अडकली होती. साखळी ताणलेली, आणि मास्तर माझ्या खांद्यावर.

"अरे, दंडावर म्हणालो होतो," एवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

घोड्याने लाथा घातल्या. घालू दे म्हटलं. एकही चुकवली नाही.

२० मार्च

विमान गेलं. आम्ही दोघंही त्यात नव्हतो.

२४ मार्च

चष्मेवाल्याने कागद पुढे सरकवला. खुनाचा गुन्हा. "आता कुठे जाशील? राहा इथेच." झालं मनासारखं! मास्तरांच्या बायकोला कुणी कळवलं का, विचारलं. तो कागद आवरत होता.

वकीलबाई आल्या. मास्तरांच्या जखमेचा फोटो बघत बसल्या, मग पिशवीतून जुना काढला, मुकादमाचा. शेजारी ठेवला. मीही पाहिलं. तसंच चिवडलेलं. तशीच अडकलेली. बाई, शपथ घेतो, ते मी नव्हतो! त्यांनी मान वर केली नाही. दोन्ही फोटो गोळा केले आणि दुसरा वकील बघा म्हणाल्या.

२८ मार्च

मेव्हणी एकटी आली. चिमणी बाहेर गाडीत बसून राहिली. चिठ्ठी पाठवली होती, वहीचं पान, एकच ओळ.

"बाबा, मुकादमकाकांनाही तूच मारलंस का?"