बाबांची चौसष्ट अक्षरं

४ मार्च, सकाळी
बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले. मी आईकडे राहायला आलोय. बाबांच्या कॉम्प्युटरवर 'टिपणं' नावाचा प्रोग्राम आहे. पाच वर्षांपूर्वी मीच C या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून दिला होता. तो पासवर्ड साठवत नाही, त्याचा फक्त हॅश साठवतो. आत काहीही घाला, बाहेर चौसष्ट अक्षरं, आणि त्यांवरून मूळ शब्द कोणालाही काढता येत नाही. मलासुद्धा. हे मी तेव्हा बाबांना छाती फुगवून सांगितलं होतं. ते 'बरं' म्हणाले होते.
आत माझ्याबद्दलच लिहिलेलं असणार. पासवर्डही माझंच नाव. पाच मिनिटांचं काम.

४ मार्च, दुपारी
माझं नाव नाही. टोपणनाव नाही, जन्मतारीख नाही. दर वेळी स्क्रीनवर येतं: 'चुकलात. आपण कोण?' हा मेसेज मीच गंमत म्हणून टाकला होता. बाबांच्या खुर्चीत बसून वाचताना तेवढी गंमत वाटत नाही.

७ मार्च
हाताने टाइप करत बसणं अडाणीपणाचं. हॅश काढणारा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, जोडून अंदाज तपासणारा प्रोग्राम लिहिला. शब्दांची यादी वाचायची, एकेकाचा हॅश काढायचा, बाबांच्या हॅशशी जुळवायचा. आईला म्हटलं, दोन दिवसांत फाईल उघडून देतो. ती काहीतरी सांगायला लागली. तिला समजावलं की हे टेक्निकल आहे.
हे मी दुःखातून करत नाहीये. नोंद असावी.

१२ मार्च
दोन हजार तीनशे अकरा शब्द झाले. एकही जुळला नाही.
जेवताना बाबांच्या खोलीतून टाइप केल्याचा आवाज आला. दोन बोटांनी, थांबत थांबत, ते करायचे तसा. जाऊन पाहिलं. खिडकीची कडी वाऱ्याने वाजत होती. कडी घट्ट केली. विषय संपला.

१३ मार्च
आज वारा नव्हता. तरी आवाज. पाहायला गेलो नाही. कामात होतो.

१८ मार्च
ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरबाईंना कोड दाखवला. माझं अडलं होतं म्हणून नाही, त्यांना शिकायला मिळावं म्हणून. त्यांनी अर्ध्या मिनिटात चूक काढली. यादीतली ओळ वाचताना ओळीच्या शेवटचं न दिसणारं अक्षरही शब्दाला चिकटून लायब्ररीकडे जातंय. एक अक्षर जास्त गेलं की हॅश पार बदलतो. म्हणजे इतके दिवस मी एकही शब्द धड विचारलेला नाही.
वाईटातून चांगलं झालं. पासवर्ड माझंच नाव असणार. पहिल्या दिवशी हाताने टाइप करताना मी घाईत चुकलो असेन.

१९ मार्च
माझं नाव नाही. उलटं लिहून नाही, आकडे लावून नाही. नाइलाजाने ताईचंही घातलं. नाही. आईचंही नाही.
खोलीत शिरलो तर खुर्ची टेबलापासून मागे सरकलेली, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. आईला विचारलं. ती म्हणाली, सकाळपासून तिकडे फिरकलेच नाही. मीच ठेवली असेन. तरी दार लोटून घेतलं आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, काय ठेवलाय पासवर्ड?"
मग उत्तरासाठी थांबलो. चांगली दोन मिनिटं. हे कोणाला सांगायचं नाही.

२३ मार्च, दुपारी
आई मागे येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. म्हणाली, "ते काही टाइप करायचे नाहीत रे. नुसतं एंटर दाबायचे."
असं नसतं, हे मी तिला शांतपणे समजावलं.
"दाब तर," ती म्हणाली.
दाबलं. उघडलं.
रिकामा पासवर्ड चालणार नाही, असं प्रोग्रामने म्हणायला हवं होतं. तेवढं लिहायला मी विसरलो होतो. काहीच घातलं नाही तरी हॅश चौसष्ट अक्षरंच देतो. ती अक्षरं लायब्ररीच्या मॅन्युअलमध्ये पहिला नमुना म्हणून छापलेली आहेत. आधी का सांगितलं नाहीस, म्हणून आईवर चिडलो. ती म्हणाली, सांगत होते.
फाईल वाचायचं धाडस आज नाही. डोळे दुखतायत.

२४ मार्च, सकाळी
वाचली. एकोणीस ओळी. एका अर्थी माझ्याबद्दलच आहे.
'अक्षर मोठं कसं करायचं, त्याला विचारणे.'
'अक्षर. विचारणे. मीटिंगमध्ये होता.'
'अक्षर. रविवारी सांगतो म्हणाला.'
अशा सतरा. मग, 'चष्मा बदलून पाहिला.' आणि शेवटची, 'दिसत नाही. त्याला कळवू नये.'
अक्षर मोठं करायची सोय प्रोग्राममध्ये नव्हतीच. आज घातली. बारा ओळींचा कोड, वीस मिनिटं. आईला बोलावलं. ती बाबांच्या खुर्चीत बसली, स्क्रीनकडे वाकली, मग हळूच मागे टेकली.
"आता दिसतंय," म्हणाली. आणि पहिल्या ओळीपासून एकेक ओळ मोठ्याने वाचत गेली.