विमानाची कांडी
आबा, लढाईच्या त्या वर्षांत हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला येताना मी सोलापूरच्या भंगारातून मोडक्या विमानाची एक कांडी आणली होती. निजामाच्या हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या नाक्यावरच्या शिपायानं ती उलटसुलट पाहिली आणि हसून सोडून दिली. आईचा पाय अधू, लोखंडी काठी तिला जड. या हलक्या धातूची करा, म्हणालो. लोहारा गावातल्या आपल्या भट्टीपुढं तुम्ही ती तळहातावर तोलताय, खूश होताय. धरायला वरचं टोक ठोकून पसरट करायचं होतं. मी शहाणपणा केला. कानस मारून थोडा कीस विस्तवावर टाकला, तो डोळे दिपवत पांढरा जळला. हे मॅग्नेशियम आहे, अजिबात तापवायचं नाही, असं मी बजावलं. "तापवल्याबिगर धातू आकारात बसत न्हाय रं," तुम्ही म्हणालात, आणि तरी शिकलेल्या पोराचं ऐकलंत.

कांडी ऐरणीवर उभी आहे. पहिले घाव सहज बसतात, आतून बारीक कुरकुर येते, तुम्ही कान लावता. मग ती एकाएकी ताठरते. आणखी दोन घावांत ती तिरपी फुटली आणि कपची तुमच्या डोळ्यात गेली. सोलापूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. त्याच जखमेपायी काही महिन्यांत दुसराही डोळा गेला. गावाला तुम्ही सांगितलंत, माझाच हात चुकला.

त्या कुरकुरीचं कारण शोधण्यात माझा जन्म गेला. अशी कांडी लांबीच्या दिशेनं दाबली की तिच्यातल्या स्फटिकांचे पट्टे झटकन जवळजवळ काटकोनात कलंडतात आणि उरलेल्या भागाचं आरशातलं रूप होतात. त्यांना जुळे स्फटिक म्हणतात. कलंडायला जागा आहे तोवर धातू मऊ वाटतो. बहुतेक कलंडले की थरांना एकमेकांवर सरकायला सोपी वाट उरत नाही, ताण साठतो, तडा जातो. भाकरीच्या तव्याइतकी तापवली असती तर दुसऱ्या वाटा खुल्या झाल्या असत्या. पेट घ्यायला त्याहून कितीतरी जास्त आच लागते. आता हे कळून कुणाच्या काय उपयोगाचं, आबा.

तुमच्या शेवटच्या वर्षी, मी अजून कॉलेजातच शिकत असताना, बाजेवर बसून तुम्ही विचारलंत, "खरं सांग, तापवलं असतं तर बसलं असतं का?"

"न्हाय आबा, भट्टी पेटली असती."

"मग बरंच झालं," म्हणालात, आणि त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाहीत.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. ते उत्तर दिलं त्याच्या आदल्याच महिन्यात मी कॉलेजातल्या प्राध्यापकांना विचारलं होतं. बेतानं तापवली असती तर बसली असती, असं ते म्हणाले होते.